परांचीवरचा संशय

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तीनदा आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. पहिल्यांदा ३० डिसेंबर १८६६ रोजी, लंडनजवळच्या सिडनॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये. दुसऱ्यांदा १८८५ मध्ये, लंडनच्याच साउथ केन्सिंग्टनमध्ये. आणि तिसऱ्यांदा १९२३ च्या भूकंपात, टोकियोमध्ये. पहिल्या आगीत एका माणसाचे जवळजवळ वीस वर्षांचे काम गेले, दुसरीत मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या कितीतरी हिवाळ्यांची मेहनत, तिसरीत एका जपानी चित्रकाराचे काम. तरी छत्रपती संभाजीनगरपासून शंभरेक किलोमीटरवरच्या त्या नालाकृती कड्याकडे चित्रकारांचे येणे थांबले नाही. कलावंत अपयशातून कसा सावरतो, असा प्रश्न निघाला की आपल्याकडे उत्तर ठरलेले असते: त्याचा स्वतःवर विश्वास होता. व्याख्यानांत, सत्कार समारंभांत, चरित्रांत हेच सांगितले जाते. अजिंठ्याच्या प्रतिकृतिकारांचा इतिहास मात्र या उत्तराच्या बाजूने साक्ष देत नाही. ही माणसे टिकली ती संशय नव्हता म्हणून टिकली नाहीत. ज्या कामात ती पडली होती त्या कामाने त्यांच्या संशयाला रोजचे, मोजता येईल असे काहीतरी करायला दिले, म्हणून ती टिकली. ‘मी कलावंत आहे का?’ या प्रश्नाला अंत नसतो. ‘ही पापणीची रेघ बरोबर आली का?’ या प्रश्नाला असतो. पहिल्या प्रश्नाची जागा दुसऱ्या प्रश्नाने घेणे, एवढाच या लेखाचा मुद्दा आहे, आणि त्याचे पुरावे १८४४ पासूनच्या इतिहासात विखुरलेले आहेत.

२८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास लष्करातील जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या लेण्यांत पाऊल ठेवले आणि दहाव्या लेण्याच्या खांबावर आपले नाव कोरले. तेव्हापासून बाहेरच्या जगाला अजिंठा ठाऊक झाला. आसपासच्या माणसांना तो आधीही ठाऊक होताच. १८३९ मध्ये जेम्स फर्ग्युसन येथे येऊन गेला. त्याने १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे लेण्यांवर निबंध वाचला आणि या चित्रांची नोंद लवकर झाली नाही तर ती कायमची जातील, अशी निकड मांडली. सोसायटीने ईस्ट इंडिया कंपनीला गळ घातली आणि कंपनीने मद्रास लष्करातला एक चित्रकार कॅप्टन निवडला: रॉबर्ट गिल. १८४४ मध्ये तो निजामाच्या मुलखातल्या अजिंठा गावी आला, तिथल्या बारादरीत राहू लागला आणि तैलरंगांत, मूळ चित्रांच्या आकाराला शोभतील अशा मोठ्या कॅनव्हासांवर प्रतिकृती करू लागला. काम १८६३ पर्यंत चालले. गावापासून लेणी काही कोस लांब, मधे घाट, पावसाळ्यात तापाची साथ, आत अंधार, छताला वटवाघळे आणि कड्याला मोहोळे. साहित्य बोटीने यायचे आणि तयार झालेले कॅनव्हास बोटीनेच विलायतेला जायचे. काम करणारा इकडे आणि त्याचा निकाल देणारे सात समुद्रांपलीकडे. आपण केलेले पाहून कोण काय म्हणाले, हे कळण्याआधी पुढचे चित्र अर्धे झालेले असायचे.

मराठी वाचकाला गिल ठाऊक आहे तो बहुधा त्याची प्रेयसी पारो हिच्यामुळे. ना. धों. महानोरांचे ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य १९८४ मध्ये आले, पुढे त्यावर चित्रपटही झाला. आणि २३ मे १८५६ ही तारीख असलेली पारोची कबर आजही अजिंठा गावात आहे. ही प्रेमकथा आपल्या मनात इतकी घट्ट बसली आहे की गिल म्हणजे झुरणारा प्रेमिक, असेच चित्र उभे राहते आणि वर्षानुवर्षे उंच मचाणावर बसून रेघा तपासणारा कारागीर तिच्यामागे झाकून जातो. त्या कारागिराकडे पाहिले तर दोन गोष्टी लक्षात येतात. एक, हात ज्या ठिकाणी कमी पडतो तिथे त्याने दुसरे साधन घेतले. १८५६ च्या सुमारास त्याने कॅमेरा हाती धरला आणि १८६४ मध्ये त्याच्या जोड-छायाचित्रांचे ग्रंथ फर्ग्युसनच्या मजकुरासह लंडनहून निघाले. दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेले त्याचे कॅनव्हास १८६६ च्या शेवटी जळाले, मोजकेच वाचले. तेव्हा तो साठीच्या पुढे गेला होता. यानंतर त्याने इंग्लंडची वाट धरली असती तर त्याला कोणी नावे ठेवली नसती. त्याने नवे साहित्य मागितले आणि तो पुन्हा अजिंठ्याच्या कामाला लागला. १८७९ मध्ये तो वारला. भुसावळला त्याची कबर आहे. हे हट्टाचे उदाहरण म्हणून सांगता येईल, पण हट्ट हे अपुरे स्पष्टीकरण आहे. ज्याचे सगळे समाधान तयार वस्तूत साठलेले असते, त्याला वस्तू जळाल्यावर परत सुरुवात करायला काही उरत नाही. गिलकडे उरले होते ते भिंतीचे ज्ञान: कुठल्या लेण्यात किती वाजता उजेड येतो, कुठला चेहरा कुठल्या कोनातून वाचता येतो, कुठला रंग दर पावसाळ्यानंतर थोडा आणखी सुटतो. हे सिडनॅमला पाठवलेच नव्हते, त्यामुळे ते तिथे जळालेही नाही.

गिलच्या अनुभवातून धडा घेऊन मुंबई सरकारने पुढचे काम एका माणसावर न टाकता एका शाळेवर टाकले. सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन हिवाळ्यात अजिंठ्याला येऊ लागले. मध्ये काही वर्षांचा खंड पडला, तरी १८८५ पर्यंत सुमारे तीनशे प्रतिकृती तयार झाल्या. पेस्तनजी बोमनजी, जगन्नाथ अनंत ही त्या विद्यार्थ्यांतली आपल्यापर्यंत पोहोचलेली नावे. हे सगळे विशीच्या आसपासचे तरुण. कलाशाळेत त्यांना ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या ठशांवरून छायाप्रकाश शिकवला जात होता. युरोपीय यथार्थदर्शन हेच चित्रकलेचे व्याकरण, असे त्यांच्या मनावर बिंबलेले होते. अशा मुलांना एकाएकी अशा भिंतीसमोर उभे केले की जिथे सावली जवळजवळ नाही, दूर-जवळचा हिशेब वेगळा आहे आणि सगळा जीव रेघेत आहे. ग्रिफिथ्सने आपल्या ग्रंथात एका विद्यार्थ्याचा प्रसंग नोंदवून ठेवला आहे. छतावरच्या चित्राचा माग काढण्यासाठी त्याला पहिल्यांदाच परांचीवर चढवले, तेव्हा वरून त्याने सांगितले की हे काम पोराटोरांनी केल्यासारखे दिसते. नाकाशी आलेल्या त्या छतावर त्याला दिसत होते ते खडबडीत, अर्थहीन फटकारे. खाली उतरून योग्य अंतरावरून पाहिले की तोच प्रत्येक फटकारा आपापल्या जागी बसतो. त्या छतावरच्या लांब, नाजूक वळणांच्या रेघा न थरथरता एका झपाट्यात ओढलेल्या पाहून ग्रिफिथ्स स्वतः थक्क झाला होता.

या छोट्या प्रसंगात कलावंताच्या आत्मशंकेचे निम्मे शास्त्र आले आहे. जो चित्र काढतो तो कायमच परांचीवर असतो. छतावर काम करणाऱ्या पाचव्या शतकातल्या चित्रकारालाही आपला फटकारा असाच, हातभर अंतरावरून, ओबडधोबड दिसत असणार. आणि तरी खालून तो कसा दिसेल याचा अंदाज बांधूनच त्याला हात चालवावा लागत होता. हा अंदाज उपजत नसतो आणि तो आत्मविश्वासानेही येत नाही. वर चढणे, करणे, उतरणे, पाहणे आणि परत चढणे, या फेऱ्यांतून तो तयार होतो. आपले काम वाईट आहे असे वाटणे ही बहुतेक वेळा अंतराची चूक असते. पण ती चूक आहे हे वर बसून कळत नाही आणि कितीही धीर दिला तरी पटत नाही. त्यासाठी खाली उतरण्याची शिडी असावी लागते. प्रतिकृतीच्या कामात ही शिडी कामाच्या रीतीतच बसवलेली होती: माग घ्यायचा, खाली कॅनव्हासवर उतरवायचा, भिंतीशी ताडून पाहायचा, चूक दुरुस्त करायची. ‘मला जमेल का’ हे विचारायला कोणाला सवड नव्हती, कारण ‘खांदा बोटभर वर गेला आहे’ ही तक्रार समोर उभी असायची.

भिंतीने या तरुणांना आणखी एक गोष्ट दाखवली. अजिंठ्याचे चित्र म्हणजे ओल्या चुन्यावर एका दमात उरकलेले काम नव्हे. आधी दगडावर मातीचा गिलावा, त्यात दगडाची भुकटी, भाताचे तूस, झाडापाल्याचे तंतू. तो वाळल्यावर चुन्याचा पातळ हात. त्यावर गेरूने मोकळे रेखाटन. मग अंगाचे, वस्त्रांचे, झाडांचे रंग, ज्यांत पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना आणि दुरून आणलेला निळा लाजवर्द. आणि सगळ्यात शेवटी काळ्या-तपकिरी रंगाने पुन्हा ओढलेली, पक्की केलेली रेघ. जिथे वरचा रंग उडाला आहे तिथे खालची गेरूची रेघ उघडी पडलेली दिसते. म्हणजे पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीची जी रेघ पाहून आपण ‘काय हात आहे’ म्हणतो, ती त्या हाताची पहिली रेघ नाही. तिच्याखाली एक मोकळी, चाचपडणारी रेघ आहे. ज्या चित्रकाराला लोक दैवी म्हणतात त्याच्याही कामात चाचपडण्यासाठी एक वेगळा थर राखून ठेवलेला होता, हे ज्याने नखाएवढ्या अंतरावरून पाहिले, त्याला स्वतःच्या चाचपडण्याची लाज वाटण्याचे कारण उरत नाही.

या शाळकरी चमूच्या कामावरही आगीची धाड आलीच. १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयातील दालनाला लागलेल्या आगीत शंभराहून अधिक प्रतिकृती नष्ट झाल्या किंवा निकामी झाल्या. तरी जे उरले त्यावरून आणि जपून ठेवलेल्या नोंदींवरून ग्रिफिथ्सने १८९६-९७ मध्ये अजिंठ्यावरचा दोन खंडांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. लंडन-पॅरिसपासून कलकत्त्यापर्यंत ज्यांनी कधी लेण्यांजवळच्या फर्दापूरचा घाट पाहिला नाही, त्यांनी अजिंठा पाहिला तो या पानांतून. पण कॅनव्हास आणि ग्रंथ यांपलीकडचा हिशेब अधिक महत्त्वाचा आहे. त्या हिवाळ्यांतून तयार झालेली माणसे जळाली नाहीत. पेस्तनजी बोमनजी पुढे मुंबईतले नावाजलेले व्यक्तिचित्रकार झाले. पोपटाला खाऊ घालणाऱ्या पारशी मुलीचे त्यांचे चित्र आजही त्या काळातल्या उत्तम चित्रांत गणले जाते आणि त्यात अजिंठ्याची नक्कल कुठेही नाही. कलाशाळेच्या मातीकामाच्या विभागात जॉर्ज विल्किन्स टेरीच्या हाताखाली अजिंठ्याची वेलबुट्टी फुलदाण्यांवर आणि थाळ्यांवर उतरली आणि विलायतेच्या प्रदर्शनांत गेली. एका आगीत किती गेले याची यादी करता येते. किती गेले नाही याची यादी कोणी करत नाही, म्हणून नुकसान नेहमी असते त्याहून मोठे दिसते.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. सावरलेल्यांचीच उदाहरणे वेचून काढली तर हवा तो सिद्धांत मांडता येतो. जे खचले त्यांचे काय? याचे उत्तर लेडी क्रिस्टियाना हेरिंगहॅमच्या आयुष्यात शोधावे लागते. ही बाई स्वतः प्रतिकृतिकार होती. इटलीच्या जुन्या चित्रांच्या प्रती करता करता तिने चेन्निनो चेन्निनीच्या रंगविद्येच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १८९९ मध्ये प्रसिद्ध केले होते आणि टेम्परा पद्धतीचे पुनरुज्जीवन करणाऱ्या चित्रकारांत ती अग्रेसर होती. १९०९ ते १९११ या दोन हिवाळ्यांत तिने फर्दापूरला तळ ठोकून अजिंठ्याच्या प्रती करवून घेतल्या. तिच्यासोबत कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हलदार, समरेंद्रनाथ गुप्त, के. व्यंकटप्पा आले, हैदराबादहून सय्यद अहमद आणि मुहम्मद फझलुद्दीन. या प्रती १९१५ मध्ये ग्रंथरूपाने निघाल्या, पण तोवर हेरिंगहॅम मनाने पार कोसळली होती. आपल्या मागावर कोणीतरी आहे, या भ्रमाने तिला घेरले आणि १९२९ मध्ये मृत्यू येईपर्यंतची वर्षे तिने मनोरुग्णालयांत काढली. तेव्हा काम हाती असले की माणूस तरतोच, असे म्हणणे खोटे आणि निर्दय होईल. कामाने संशयाला वळण लागते, आजाराला लागत नाही, आणि ज्याला वैद्याची गरज आहे त्याला ‘हात चालू ठेव’ असे सांगणे हा सल्ला नव्हे. माझा दावा त्यामुळे मर्यादित आहे: जी साधी, रोजची, धंद्याच्या पोटातली आत्मशंका असते, तिच्यापुरता.

त्या मर्यादेत मात्र पुरावा भक्कम आहे. फर्दापूरच्या तळावर कलकत्त्याहून आलेले तरुण अजून कोणी नव्हते. अवनींद्रनाथ ठाकुरांचे शिष्य एवढीच त्यांची ओळख, आणि परक्या बाईने हाती घेतलेल्या कामात आपल्या मुलांनीही असावे म्हणून भगिनी निवेदितांनी आग्रह धरला, तेव्हा ते आले. त्यांतले नंदलाल पुढे शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख झाले, १९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी त्यांनी खेड्यातल्या माणसांची चित्रे रंगवली आणि संविधानाच्या मूळ प्रतीची सजावट त्यांच्याच देखरेखीखाली झाली. हलदार लखनौच्या आणि गुप्त लाहोरच्या कलाशाळेचे प्राचार्य झाले, व्यंकटप्पांनी म्हैसूरला आपली वेगळी वाट काढली. आणि सय्यद अहमद? ते कुठेच गेले नाहीत. १९१४ मध्ये गुलाम याझदानी यांच्या हाताखाली निजाम सरकारचे पुरातत्त्व खाते सुरू झाले आणि सय्यद अहमद अजिंठ्याच्या लेण्यांचे रखवालदार-अभिरक्षक म्हणून तिथेच राहिले, वर्षानुवर्षे प्रती करत. त्यांचे नाव कलेच्या इतिहासात तळटीपेपुरते येते. यश म्हणजे फक्त प्रसिद्धी असे मानले तर नंदलाल जिंकले आणि सय्यद अहमद मागे राहिले. पण ज्याला आयुष्यभर एकच भिंत पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटली आणि वाचता आली, त्याची कारकीर्द अपयशी म्हणायला कोणता निकष लावायचा?

तिसरी आग लागली ती जपानी चित्रकार आराई काम्पोच्या कामाला. रवींद्रनाथांनी १९१६ च्या जपानभेटीत त्याला भारतात बोलावले. कलकत्त्यात त्याने जपानी कुंचल्याची रीत शिकवली आणि मग अजिंठ्याला येऊन प्रती केल्या. त्या जपानला गेल्या आणि १९२३ च्या महाभूकंपानंतरच्या आगीत टोकियो विद्यापीठात भस्म झाल्या. यानंतर काम्पोने जे केले त्याकडे नीट पाहावे. १९४० मध्ये जपान सरकारने होर्युजी या प्राचीन मंदिराच्या भित्तिचित्रांच्या प्रती करण्याचे काम काढले, तेव्हा साठी ओलांडलेला हाच माणूस त्या चमूत होता आणि १९४५ मध्ये मरेपर्यंत तो त्याच कामात राहिला. जानेवारी १९४९ मध्ये होर्युजीच्या मुख्य सभामंडपालाच आग लागून मूळ भित्तिचित्रे काळवंडून गेली. तिथे पुढे १९६७-६८ मध्ये नव्याने रंगवलेली चित्रे बसवली गेली, ती छायाचित्रे आणि आधीच्या प्रती यांच्या आधारावर. ज्याची अजिंठ्याची प्रत जळाली आणि मूळ राहिले, त्याच्याच दुसऱ्या कामात मूळ जळाले आणि प्रत उपयोगी पडली. कुठले काम टिकणार आणि कुठले नाही, हे करणाऱ्याला कळण्याची सोय कधीच नव्हती. ते कळल्यावरच सुरुवात करीन, असे म्हणणाऱ्याने सुरुवातच केली नसती.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. प्रतिकृती करणे हे सर्जन नव्हे. नक्कल करणाऱ्याला कसली आली आत्मशंका, त्याला उत्तर समोर छापलेलेच असते. शिवाय अजिंठ्याच्या नादाने आपल्या चित्रकलेचे भलेच झाले असेही नाही. अर्धोन्मीलित डोळे, लांब बोटे, लवचिक कंबरा यांचा जो पूर बंगालमध्ये आणि काही अंशी मुंबईतही आला, त्यातले बरेचसे आज पाहवत नाही. अमृता शेरगिलने १९३६ मध्ये अजिंठा पाहिला तेव्हा ती भारावून गेली, पण अजिंठ्याचा बाह्य साज उचलून त्याचा प्राण विसरणाऱ्यांवर तिने कडक टीका केली. ही टीका मला मान्य आहे. मात्र ती माझ्या मुद्द्याच्या विरुद्ध जात नाही. साज उचलणारे बहुतेक ग्रंथांतल्या छापील पानांवरून उचलत होते. त्यांना तयार उत्तर मिळत होते. परांचीवरच्या माणसाला तयार उत्तर मिळत नव्हते. भिंतीचा निम्मा भाग गेलेला, उरलेल्यावर काजळी आणि माती. तुटलेली रेघ कुठे जाणार होती याचा निर्णय दर हातभर अंतरावर त्यालाच घ्यावा लागे. त्यातही तो चुके. गिलचे चेहरे थोडे युरोपीय झाले आहेत आणि काही विद्यार्थ्यांनी अंगांना गोलाई देण्यासाठी अजिंठ्यात नसलेली सावली भरली आहे. या चुका म्हणजेच प्रतीत सर्जन होते याचा पुरावा. आणि अमृता शेरगिल स्वतः? अजिंठा पाहून वर्षाच्या आत तिने दक्षिणेतल्या माणसांची जी तीन मोठी चित्रे केली, त्यांत अजिंठ्याची एकही आकृती नाही. पण गर्दीची बांधणी आणि तपकिरी अंगांचा ठामपणा त्या भिंतीपुढे उभे राहिल्यावरच आलेला आहे. पॅरिसमध्ये शिकून वाहवा मिळवलेली आणि आपल्या देशात काय रंगवावे या पेचात असलेली ही चित्रकार कोणाच्या शाबासकीने पुढे सरकली नाही. आपल्याहून मोठ्या कामाशी स्वतःला ताडून पाहिल्याने सरकली.

तिसरा आक्षेप पैशाचा आणि सत्तेचा. गिलला कंपनीचा पगार होता, ग्रिफिथ्सला सरकारी अनुदान, सय्यद अहमद यांना निजामाची नोकरी. पोटाची सोय असल्यावर संशयाला काम देणे सोपे असते. हे खरे आहे, आणि त्याची दुसरी बाजूही खरी आहे: ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांची नावे ग्रंथाच्या मुखपृष्ठापर्यंत कधी आली नाहीत, आणि रंग उठून दिसावेत म्हणून प्रतिकृतिकारांनी मूळ चित्रांवर जे व्हार्निश फासले, ते पुढे पिवळे-काळे पडून भिंतींना भोवले. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने चेकोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावले. त्यांनी पडू पाहणारा गिलावा सांधला, पण त्यांनी लावलेल्या लाखेचा थरही पुढे काळवंडला, आणि तो उतरवण्याचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांच्या वाट्याला आले. म्हणजे सद्हेतूने चालवलेल्या हातानेही इजा होते. पण पैशाच्या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष माझ्या म्हणण्याला बळच देतो. टिकून राहणे हा जर केवळ मनाच्या ताकदीचा भाग असता, तर पगाराने, हंगामाने, सोबत्यांनी काही फरक पडायला नको होता. तो पडतो. तेव्हा धीर हा एकट्याच्या छातीत असतो ही समजूतच तपासून पाहायला हवी. तो व्यवस्थेतही असतो: हिवाळा आला की निघायचे, चमूने काम करायचे, वर चढणाऱ्याला खालून बघणारा कोणीतरी असायचा.

मूळ लेणी खोदणाऱ्यांकडे पाहिले तरी हेच दिसते. चौथे लेणे हा अजिंठ्यातला सर्वांत मोठा विहार. ते खोदत असताना छताचा खडक ढासळला. खडकात भेग आहे हे आधी कळण्याचा मार्ग नव्हता. खोदणाऱ्यांनी लेणे सोडले नाही, छत आणखी वर नेऊन कोरले. तरी ते काम शेवटपर्यंत पुरे झालेच नाही. चोविसावे लेणेही प्रचंड आखलेले आणि अपुरे. अजिंठ्याचे अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांच्या मांडणीनुसार वाकाटक सम्राट हरिषेणाच्या मृत्यूनंतर, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, आश्रय एकदम आटला आणि टाक्या-हातोड्या जागच्या जागी थांबल्या. हा कालक्रम सगळ्या अभ्यासकांना मान्य नाही, पण काम अर्धवट थांबले हे भिंतीच सांगतात. आणि नेमकी ही अर्धवट लेणीच अभ्यासकांना सर्वाधिक शिकवून गेली. आधी लांब चर पाडायचे, मधले खडकाचे ठोकळे नंतर फोडून काढायचे, खांब ढोबळ ठेवायचे आणि मग घडवायचे, ही खोदकामाची रीत समजली ती चोविसाव्या लेण्यावरून. सतराव्यासारख्या पूर्ण, देखण्या लेण्याने ही रीत पुसून टाकलेली आहे.

प्रतिकृतींचेही पुढे हेच झाले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये वाचलेले कॅनव्हास कैक वर्षे गुंडाळून पडले होते. दुय्यम दर्जाचे, जळके, ना धड युरोपीय ना धड भारतीय. आज भिंतीवरचा जो भाग १८७० नंतर झडून गेला आहे त्याचा रंगीत पुरावा म्हणून तज्ज्ञ त्यांच्याकडे वळतात. ज्यांना कोणी कलाकृती मानले नाही ते दस्तऐवज ठरले. उलट बाजूने, २०१३ मध्ये लेण्यांजवळ उभारलेल्या पर्यटक केंद्रात १, २, १६ आणि १७ या लेण्यांच्या पूर्णाकृती प्रती बसवल्या गेल्या आणि काही वर्षांतच थकलेल्या बिलांपायी त्या केंद्राला टाळे लागले. प्रतिकृतींना आगच लागते असे नाही. कधी वीजही तोडली जाते.

छत्रपती संभाजीनगरात चित्रकला शिकणाऱ्या तरुणाला अजिंठ्याकडे दोन रीतींनी नेले जाते: गौरवाने किंवा धंद्याने. पहिल्या रीतीत तो भारावून परततो आणि आपले स्वतःचे काम त्याला क्षुद्र वाटू लागते. दुसऱ्या रीतीत तो पर्यटकांसाठी पद्मपाणी रंगवायला शिकतो आणि आपल्याला स्वतःचे काही नाही, या न्यूनगंडात अडकतो. दोन्हींच्या मुळाशी एकच चूक आहे, की अजिंठा म्हणजे पुरे झालेले, निर्दोष काम. कलाशाळांनी ही वाट उलट धरावी. विद्यार्थ्याला पद्मपाणीच्या आधी चौथ्या आणि चोविसाव्या लेण्यात न्यावे. गिलचा जळता जळता वाचलेला कॅनव्हास आणि मूळ भिंत यांची छायाचित्रे शेजारी ठेवून त्याच्या चुका शोधायला लावाव्यात. आणि वर्षअखेरच्या प्रदर्शनात पक्क्या चित्राशेजारी त्याची खोडलेली, फसलेली रेखाटनेही लावण्याची सक्ती करावी, गुण दोन्हींना द्यावेत. विद्यार्थ्याचे मनोबल वाढवणारी व्याख्याने कमी झाली तरी चालतील. ज्या वर्गात चुकीला नाव असते, जागा असते आणि ती शेजाऱ्याला दाखवता येते, त्या वर्गात आत्मशंका असतेच. पण ती घरी नेण्याची गोष्ट राहत नाही, वहीत दुरुस्त करण्याची होते. अजिंठ्यात आलेल्या पिढ्यांना भिंतीने हे आपोआप दिले. ज्यांच्याजवळ अशी भिंत नाही त्यांना ते शाळेने द्यायचे असते, आणि या शहराजवळ तर भिंतही आहे.